अभ्यासाची भिशी

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताईंचं वय ४१. २००५ साली संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाल्या, मग लग्न, मग मुलगा. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्याचे हिशेब त्याच बघतात. मुलगा आता नववीत गेल्यामुळे दुपार मोकळी मिळते. डेटा ॲनालिसिस शिकून घरबसल्या काही काम मिळवावं, अशी इच्छा. तीन वर्षांत मोफत ऑनलाइन कोर्सेसना सात वेळा नाव घातलं, एकही पुरा झाला नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोर्समध्ये तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचल्या होत्या. दुकानातल्या दोन उधाऱ्यांची बेरीज करून बघितली, तर ५०० आणि ३०० मिळून ५००३०० आले. दोन रात्री त्यातच गेल्या आणि लॅपटॉप मिटला तो मिटलाच. चर्चामंचावर विचारायला तीनदा प्रश्न लिहिला, तीनदा पुसला. ‘माझं इंग्रजी बघून हसतील. आणि तिथे हजारो लोक, त्यांच्याशी माझं काय काम? मला शिकायचं आहे, गप्पा मारायच्या नाहीत.’ जाऊबाई म्हणतात, फुकटच्या गोष्टीला किंमत नसते. आता एका खासगी क्लासने ७५ हजारांचा, हप्त्याहप्त्याने पैसे भरायचा, नोकरीची हमी असलेला कोर्स सांगितला आहे. ‘माझ्यात जिद्दच नाही, तेव्हा पैसे अडकले तरच मी शिकेन असं वाटतं. भरू का?’ आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून: ‘उत्तर २० तारखेच्या आत आलं तर बरं, नंतर मी आमच्या भिशीच्या गडबडीत असते. सहा वर्षं हिशेब माझ्याकडेच आहे, १४ जणी आहोत.’

---

ताई, तुमचं पत्र मी उलटीकडून वाचलं. ताजा कलम आधी.

सहा वर्षं, १४ बायका, दर महिन्याला पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, कुणाचा हप्ता थकला तर नातं न दुखावता वसूल करायचा. हे सगळं करणारी बाई त्याच कागदावर लिहिते की माझ्यात जिद्द नाही. मला ते पटत नाही. तुमची चिकाटी भिशीत टिकते आणि लॅपटॉपसमोर तिसऱ्या आठवड्यात संपते, म्हणजे या दोन ठिकाणांत काहीतरी फरक आहे. तो शोधू या, ७५ हजारांचं नंतर बघू.

आधी ते ५००३००, कारण ते तसंच सोडलं तर तुम्हाला झोप लागायची नाही. कीबोर्डवरून टाकलेली गोष्ट पायथन अक्षरं म्हणून धरतो. तुमच्या दृष्टीने ती पाचशेची उधारी, त्याच्या दृष्टीने पाच, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं. अक्षरांची बेरीज सांगितली की तो एकापुढे एक चिकटवतो, ‘आई’ आणि ‘बाबा’ मिळून ‘आईबाबा’ करावं तसं. हे आकडे आहेत, असं त्याला आधी सांगावं लागतं. एका शब्दाचं काम. शेजारी कुणी बसलेलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं. तुम्ही दोन रात्री एकटीने घालवल्या, आणि त्या दोन रात्रींवरून स्वतःला नापास केलंत.

पायथन शिकणारी कितीतरी माणसं याच खड्ड्यात पाय घालतात, हे तुम्हाला कळलं कसं नाही? तुम्ही कुणाला विचारलं नाही म्हणून.

सात कोर्सेसची लाज वाटते म्हणता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१२ मध्ये आपला पहिला मोफत कोर्स, इलेक्ट्रॉनिक सर्किट्सचा, सगळ्या जगाला खुला केला. सुमारे १,५५,००० लोकांनी नाव घातलं. उत्तीर्ण झाले ७,१५७. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. पुढे एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा कोर्सेसचा सहा वर्षांचा हिशेब तपासला गेला, तेव्हा नाव घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक एकदाही आत डोकावले नसल्याचं दिसलं. तुम्ही तिसऱ्या आठवड्यापर्यंत गेलात, त्या गर्दीत तुम्ही बऱ्याच पुढच्या रांगेत आहात.

त्यातही, पत्राच्या मधोमध तुम्ही सहज लिहून गेलात की मानसशास्त्राचे दोन आठवडे ऐकल्यावर मुलाच्या अभ्यासावरून होणारी रोजची भांडणं कमी झाली. आणि तो कोर्स तुम्ही ‘अर्धवट’च्या यादीत टाकलाय! मी २६ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला भेटला नाही, म्हणून कुणी त्याला अर्धवट वाचक म्हटलं नाही. हवं ते पान काढलं, काम झालं, पुस्तक फळीवर. तेव्हा त्या सातांपैकी सहांची नावं काढून टाका. मानसशास्त्राचा झाला असं समजा. राहिला पायथनचा. तो मात्र पुरा करायचा, कारण तिथे पुढचा धडा मागच्यावर उभा असतो.

आता ‘हजारो लोकांशी माझं काय काम’ याकडे येते. माझं तुमच्याशी भांडण आहे ते इथेच.

या कोर्सेसना इंग्रजीत ‘मूक’ (MOOC, म्हणजे हजारोंना खुला असलेला ऑनलाइन कोर्स) म्हणतात. आपल्याकडे तो शब्द वाचून तोंड न उघडता करायचा कोर्स असंच वाटतं, आणि बहुतेक लोक करतातही तसाच. पण हे नाव पडलं २००८ मध्ये, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका कोर्सच्या निमित्ताने. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स हे दोघे शिकवणारे. फी भरून बसलेले विद्यार्थी २५ आणि बाहेरून फुकट सामील झालेले दोन हजारांवर. तिथे शिकण्याचा मुख्य माल म्हणजे या लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेलं, एकमेकांना विचारलेलं. पुढे २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला १,६०,००० जण आले, मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, पुढे चला असा साचा पक्का झाला. माणसं होती तिथेच राहिली, पण कोपऱ्यातल्या एका बटणामागे. ते बटण तुम्ही तीनदा दाबलंत आणि तीनदा मागे फिरलात.

लांब कशाला, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घ्या. १९८९ ला सुरू झालं, ब्रीद काय तर ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तरी त्यांनी नुसती पुस्तकं घरी पाठवून हात झटकले नाहीत, गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली. गंगा घरी आणली तरी घाट बांधावाच लागला.

मी पाहिलेलं एक सांगते. आमच्या कॉलेजात एनपीटीईएलचं स्थानिक केंद्र होतं. आयआयटींचे हे कोर्सेस, आता ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर मिळतात ते. त्याची जबाबदारी, कुणी घेईना म्हणून, ग्रंथपालाच्या गळ्यात. असाइनमेंट भरायची मुदत बुधवारी रात्री ११.५९. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी ग्रंथालयात जत्रा. त्यात दोन प्रकारची टोळकी असत. एक मोठं, साठ-सत्तर पोरांचं, व्हॉट्सॲपवर. तिथे कुठून तरी आलेली उत्तरं पडायची, ‘आठवडा पाच: अ, क, ड, ब’, पोरं पाच मिनिटांत भरून चहाला जायची. तो ग्रुप दिवसभर टिंगटिंग वाजे, शिकत कुणीच नव्हतं. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, समोर पर्यवेक्षक असताना द्यायची. १०० पैकी ७५ गुण तिचे. तिथे ‘अ, क, ड, ब’ काय कामाचं?

दुसरं टोळकं चौघींचं, खिडकीजवळच्या टेबलावर. एक लॅपटॉप, एक वही. त्यांच्या शेजारच्या फळ्या पुसता पुसता आमचा शिपाई, बारावी झालेला, ऐकत उभा राहायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, ‘हे यादीतलं मोजणं शून्यापासून का करतात? पहिल्याला पहिला का म्हणत नाहीत?’ चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. चौघींना ‘पायथनमध्ये शून्यापासून मोजतात’ हे पाठ होतं. का, हे एकीलाही सांगता येईना. अर्धा तास डोकं खाजवलं, मग एकीला सुचलं की तो क्रमांक नसून सुरुवातीपासूनचं अंतर आहे. शिपाई लगेच म्हणाला, ‘बरोबर. फळीवरचं पहिलं पुस्तक काढायला आधीचं एकही ओलांडावं लागत नाही. शून्य.’ आणि फडकं उचलून पुढच्या कपाटाकडे गेला.

मी पायथन शिकले ती त्या संध्याकाळपासून. आणि त्या टेबलावर सगळ्यांत कमी येणाऱ्या माणसाने सगळ्यांत जास्त शिकवलं, हेही तेव्हाच बघितलं. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात पायथन येणारं कोण आहे? न येणारं चालेल. चांगलं ‘का?’ विचारणारं हवं.

तर ताई, तुमच्या १४ जणींतून दोघी-तिघी काढा. एखादीची मुलगी बीसीएला असेल, एखादी पतसंस्थेत कारकून असेल, एखादीला नुसताच दुपारचा कंटाळा आला असेल. वेगळी भिशी सुरू करा, अभ्यासाची. आठवड्याला दीड तास, मंगळवारी दुपारी म्हणजे बुधवारची मुदत डोक्यावर असते. प्रत्येकीने दर वेळी १०० रुपये टाकायचे. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२०० होतात. परीक्षेचं शुल्क हजाराच्या आसपास असतं, ते त्यातून भरायचं आणि उरल्याचं चहापाणी. तुम्हाला पैसे अडकवायचेच आहेत ना? एवढे पुरतात.

चिठ्ठीही काढायची. बैठक सुरू झाली की डब्यातून एक चिठ्ठी. जिचं नाव येईल तिने फोन बाजूला ठेवून, वहीत न बघता, आठवड्यातली एक गोष्ट दहा मिनिटं समजावून सांगायची. अडखळली तर बाकीच्यांनी उचलून धरायची. चिठ्ठी आधीच्या आठवड्यात काढू नका, नाहीतर बाकीच्या निवांत. आणि पैशाच्या भिशीत लागलेलं नाव बाजूला काढतात, इथे ते परत डब्यात टाकायचं. पहिला नंबर लागून गेलेलीचे हप्ते पुढे कसे रेंगाळतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

उत्तरं आधी एकटीने शोधायची आणि मग जुळवून बघायची, एवढा एक नियम कडक ठेवा. नाहीतर तुमच्या घरीही ‘अ, क, ड, ब’ सुरू होईल.

एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटपैकी उत्तम आठच धरतात. हे फार कमी लोक नीट वाचतात. जुलैच्या तुकडीत गौरी-गणपती, नवरात्र येतं. जानेवारीच्या तुकडीत मुलांच्या परीक्षा. चार आठवडे हुकले तरी काही बुडत नाही. एक आठवडा चुकला की सगळं संपलं, असं मानूनच बायका कोर्स सोडतात, मी कितीतरी पाहिल्या. असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० मिळाले की प्रमाणपत्र. नियम कोर्सच्या पहिल्याच पानावर असतात, नाव घालताना एकदा नीट वाचून घ्या, बदललेही असू शकतात. आयआयटी रोपडचा पायथनचा १२ आठवड्यांचा कोर्स अगदी नवख्यांसाठी आहे, सर गप्पा मारत शिकवतात. तो बघा.

गावात खरंच कुणी मिळालं नाही, किंवा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी दुबईत, दिल्लीत एकटं असेल, तर चर्चामंचावर पहिल्याच आठवड्यात दोन ओळी टाका: मी महाराष्ट्रातली, दुपारी दोन ते चार मोकळी असते, मराठीतून बोलत अभ्यास करायला कुणी आहे का? तिघं मिळाले तरी खूप झाले. फोन नंबर मात्र उघड्यावर लिहू नका. नंबर लपवता येतो अशा ॲपवर आधी बोला, पहिल्या दोन-तीन भेटी व्हिडिओवर आणि सगळ्यांच्या मिळून घ्या, आणि कुणी अभ्यास सोडून भलतीकडे वळलं तर संकोच न करता बाहेर पडा.

इंग्रजीचं. तुम्ही पुसलेला प्रश्न मला पत्रात दिलात, बरं केलंत. तो असा होता: ‘सर, माझा प्रोग्रॅम चालत नाही, कृपया मदत करावी.’ याचं उत्तर शुद्ध इंग्रजीत विचारलंत तरी मिळणार नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. मराठीत कागदावर तीन वाक्यं लिहा. मी काय केलं: दोन रकमा टाकायला लावल्या, बेरीज केली. काय यायला हवं होतं: ८००. काय आलं: ५००३००. मग त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करा. व्याकरण चुकलं तरी ५००३०० हा आकडा सगळं बोलतो. निम्म्या वेळा तर तिसरं वाक्य लिहिता लिहिता आपल्यालाच उत्तर दिसतं. माझं असं इतक्यांदा झालंय की पाठवलेल्या प्रश्नांपेक्षा न पाठवलेले जास्त भरतील.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ आहेत, लिब्रेऑफिस कॅल्क या हिशेबाचे तक्ते करायच्या सॉफ्टवेअरसारखे कितीतरी मराठी आवाजात. त्यांच्या चर्चामंचावर प्रश्न विचारताना कुठल्या पाठाच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं, ते भरावं लागतं. ही सवय मला फार आवडते. ‘मला पायथन जमत नाही’ असं म्हणायला जागाच राहत नाही, चौथ्या मिनिटाच्या विसाव्या सेकंदाला जमत नाही एवढंच. एनपीटीईएलनेही बऱ्याच कोर्सेसचे मजकूर मराठीत आणले आहेत, तुमच्या कोर्सचा आहे का बघा.

आता ७५ हजार. पैसे भरले की माणूस जास्त टिकतो हे खोटं नाही. त्याच हार्वर्ड-एमआयटीच्या हिशेबात २०१७-१८ साली एकूण नाव घालणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के पुरे झाले, तर प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेले ४६ टक्के. जाऊबाईंना हा आकडा जरूर सांगा, त्यांचा मुद्दा अगदीच वाया गेलेला नाही. पण पैसे भरणारा बहुतेकदा आधीच ठरवून आलेला असतो, आणि भरूनही निम्म्याहून अधिक राहिलेच. ७५ हजार तुमच्या शेजारी येऊन ५००३०० सोडवत नाहीत.

तरी क्लासला चार गोष्टी लेखी विचारा. माझं काम कोण तपासणार, आणि एका तपासणाऱ्यामागे किती जण? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? हप्ते म्हणजे नक्की काय? पुष्कळ ठिकाणी ते तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं, क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. आणि नोकरीच्या हमीखालच्या बारीक अक्षरांत वयाची, पदवीच्या वर्षाची, गाव सोडण्याची अट आहे का? जुने दोन विद्यार्थी स्वतः शोधून बोला, त्यांनी दिलेले नंबर नकोत. उत्तरं चांगली आली तर क्लास वाईट असेलच असं नाही. फक्त आत्ता नको. आधी एक तुकडी भिशीबरोबर काढा. त्यानंतर हा विषय आवडतो का, हे तुम्हाला कळलेलं असेल. आज ते तुम्हालाच माहीत नाही, आणि ७५ हजार त्यासाठी फार झाले.

कामाबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. वीस वर्षांच्या खंडानंतर नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी दार उघडत नाही. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी शहरातल्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून उसनी आणावी लागते: खरा डेटा. दुकानाची तीन वर्षांची बिलं घ्या. फवारणी पंप कोणत्या महिन्यात खपतात, उधारी कोणत्या हंगामात चढते, ऊस बिलानंतर किती दिवसांनी फिटते. गिऱ्हाइकांची नावं काढून तिथे नुसते क्रमांक टाका, भिशीतल्या मैत्रिणींनाही नावं दिसता कामा नयेत. गाव लहान आहे. असा एक नेटका अहवाल हातात असला की काम मागताना दाखवायला काहीतरी असतं. आणि संख्याशास्त्र तुम्ही शिकलेलं आहे, ते घासूनपुसून घ्यायचं आहे, इतकंच.

यजमानांना पहिला अहवाल द्या, पुढचा माल भरताना त्यांना उपयोग झाला तर दुपारचा लॅपटॉप आपोआप तुमचा होईल.

पहिली बैठक तुमच्याच घरी ठेवा. खायला कोरडं काहीतरी, भजी नकोत, कीबोर्ड खराब होतो. आणि पहिली चिठ्ठी तुमच्याच नावाची निघाली तर घाबरू नका, ५००३०० ची गोष्ट सांगा. दहा मिनिटं सहज जातील.